अकराचे अडतीस

दोन हजार बावीस सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी, माझ्या अंगावर एक खोटा आकडा लिहिला गेला. मित्रांनो, त्याआधीच्या एकतीस वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. मी पेट्रोल पंपावरचा एक जुना भावफलक आहे. पंपाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आजचा भाव सांगायचा, हा माझा मूळचा धंदा. मला तोंड नाही. लोक लिहितात तेच माझे बोलणे. म्हणून त्या गुरुवारचे मला इतके लागले आहे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने जुन्या दाराच्या लाकडातून माझी चौकट केली. तीत जाड पत्रा बसवला, मागे बिजागरीवर एक पाय जोडला आणि मला रंगाऱ्याच्या हवाली केले. रंगाऱ्याने दोन्ही बाजूंना काळ्या रंगाचे तीन-तीन हात दिले. मला न्यायला पंपवाले काका आले तेव्हा तो म्हणाला, "दोन वर्षांनी एकदा रंगाला आणत जा. लेकीला माहेरी आणतात तसं." काका म्हणाले, "आणि आहेर कोण करणार? तू?" दोघे हसले आणि मी सासरी आलो.

काका रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आत स्वतःच्या हाताने माझ्यावर भाव लिहीत. आदल्या दिवशीचा भाव तोच असला तरी पुसून पुन्हा लिहीत. कोणी हुज्जत घालू लागला तर ते भांडत नसत. नुसते माझ्याकडे बोट दाखवत. ट्रकवालेसुद्धा म्हणत, "बोर्डावर आहे ना, मग खरं." हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. दर वेळी माझा पत्रा गरम होई, आणि तो उन्हाने नव्हे.

पुढे गावाबाहेरून मोठा रस्ता निघाला. गाड्या तिकडून जाऊ लागल्या. जमिनीतल्या टाक्या काढून नेल्या, यंत्रे नेली. उरले ते वरचे मोठे छप्पर, हवा भरायच्या यंत्राची खोली आणि काका. मला त्या खोलीत फाटक्या टायरांना टेकवून ठेवले. पाच वर्षे माझ्यावर कोणी एक अक्षर लिहिले नाही. एका कोळ्याने जाळे विणले, तेवढेच काय ते माझ्यावरचे लिखाण.

मग एका रविवारी सकाळी छपराखाली एक गाडी आली. कोबीच्या पानासारख्या फिक्या हिरव्या रंगाची, लहानशी, आणि आवाज म्हणून नाही. आतून एक बाई उतरल्या. त्यांना मी आवाजावरून ओळखले. चौतीस वर्षे त्यांनी या भागात टपाल वाटले होते, आधी सायकलवर, मग स्कूटरवर. सगळे त्यांना टपालताई म्हणत. नोकरी संपल्यावर त्यांनी ही विजेवर चालणारी गाडी घेतली होती, दुसऱ्याची वापरलेली, आणि आज तिच्यात शंभरातले दोन टक्के उरले होते.

"काका, पंप दिसला आणि सवयीनं आत वळले हो," त्या म्हणाल्या.

काका पोट धरून हसले. "ताई, इथं पेट्रोल नाही. आणि असतं तरी तुमच्या गाडीला चाललं नसतं. दोन्हीकडून पंचाईत!"

पण हसून झाल्यावर त्यांनी हवेच्या यंत्राची खोली उघडली आणि ताईंना विजेचा प्लग दाखवला. त्या प्लगवर गाडी भरायला चार तास लागले. चार तासांत काकांनी दोनदा चहा केला. छपराखाली उभी असलेली गाडी बघून रस्त्यावरून जाणारा पाववाला थांबला. त्याची पाव पोचवायची गाडीही विजेवरचीच होती. नंतर रात्रपाळी करून घरी चाललेली एक नर्स थांबली, कारण तिच्याकडे ताईंच्याच जातीची गाडी होती, फक्त रंग निळा. तिला सगळे सिस्टर म्हणत. चौघांनी मिळून इतक्या गप्पा मारल्या की गाडी भरून अर्धा तास झाला तरी कोणी उठेना. पुढच्या रविवारी ते पुन्हा जमले. हा मेळावा कोणी भरवला नाही, मित्रांनो. पाणी साचते तसा तो साचला.

तिसऱ्या रविवारी ताईंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी कोळ्याचे जाळे झाडूने अलगद बाजूला केले, मला ओल्या फडक्याने पुसले आणि छपराखाली आणून उभे केले. मग खडू हातात घेऊन एक नियम सांगितला. तो नियम म्हणजेच आमचा मेळावा.

विजेची गाडी स्वतःच सांगत असते, की मी अजून इतके किलोमीटर जाईन. पण ती नवऱ्या मुलाच्या मामासारखी वाढवून सांगते. थंडी असली, चढ असला, आतला हीटर चालू असला की तिचे बोलणे फोल ठरते. म्हणून ताई म्हणाल्या, "गाडी काय म्हणते ते लिहायचं नाही. गाडीनं काय केलं ते लिहायचं. किती गेली, शंभरातले किती उरले, हवा कशी होती. ज्यानं चालवली त्यानंच लिहायचं, आपल्या हातानं. आणि दुसऱ्याच्या ओळीला बोट लावायचं नाही. मी आयुष्यात कुणाचं पाकीट फोडलं नाही."

एवढेच. ना भाषण, ना वर्गणी, ना कोणी अध्यक्ष. येताना आपला कप आणायचा. जमेल तेवढे थांबायचे. विकायला कोणी आला तर काका त्याला टायर दाखवून पिटाळत. चाकांत हवा किती असावी, कुठल्या चार्जिंगच्या ठाण्यावर तार तुटली आहे, हीटर लावण्यापेक्षा पायावर घोंगडी घेतली तर किती वाचते, अशी बोलणी चालत. काकांकडे विजेची गाडी नव्हती आणि ते घेणारही नव्हते. "मी विरोधी पक्ष," असे म्हणून ते खुर्ची टाकून मधोमध बसत. दोन वर्षांत तीन गाड्यांच्या अठरा झाल्या.

रविवारी लिहिलेले पुढच्या रविवारपर्यंत राही. मधल्या दिवसांत कोणाला लांब जायचे असले तर तो वाट वाकडी करून येई, माझ्यापुढे उभा राहून बोटांवर हिशेब करी आणि निर्धास्त निघून जाई. म्हातारपणी मला पुन्हा नोकरी लागली होती. आणि पुन्हा ते वाक्य कानावर येऊ लागले होते, "बोर्डावर आहे ना, मग खरं."

आता ताईंच्या भाच्याबद्दल सांगायला हवे. तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, तेव्हापासून चार वर्षांचा तो पोरगा ताईंपाशीच वाढला. ताई टपाल वाटून दमून येत आणि त्याला पुढ्यात घेऊन पाटीवर अक्षरे गिरवून घेत. त्याचा हात आपल्या हातात धरून. हे मला ताईंनीच सांगितले, म्हणजे काकांना सांगितले, मी ऐकले. आता तो पस्तिशीचा, बोलका, हसरा. मेळाव्याचा फोनवरचा गट त्यानेच केला. ताईंना फोनचे फारसे कळत नसे. "तू आहेस ना बाबू, तू सांभाळ," असे म्हणून त्यांनी सगळे त्याच्यावर सोपवले. तोही दर शनिवारी न चुकता निरोप धाडी, फोटो काढी, सगळ्यांना चहा वाढी. मावशी, मावशी म्हणताना त्याचे तोंड दुखत नसे. मी त्याला चांगला समजत होतो.

त्या हिवाळ्यात मोठ्या रस्त्यावर विजेच्या गाड्यांचे एक नवे दुकान उघडले. काचेच्या भिंती, आत गुळगुळीत फरशी. दुकानाच्या साहेबाला आमच्यासारखा मेळावा आपल्या दारात हवा होता. त्याने भाच्याला नोकरी देऊ केली. आणि मेळाव्याचा पुरावा म्हणून त्या गमतीदार जुन्या बोर्डाचा, म्हणजे माझा, एक चांगला फोटो मागितला.

जानेवारीतल्या त्या रविवारी ताई डोंगरावर जाऊन आल्या होत्या. कडाक्याची थंडी होती. त्यांनी माझ्यावर लिहिले: १४० गेले, ११ उरले, थंडी, चढ. वर लिहिले, टपालताई. त्यांच्या आठ या आकड्याच्या शेपटाला एक छोटे वळण असे, छत्रीच्या मुठीसारखे. पण या ओळीत आठ नव्हता. तो आला गुरुवारी.

गुरुवारी संध्याकाळी काका घरी गेल्यावर भाचा आला. त्याने माझ्या चार बाजूंनी फोटो काढून पाहिले. मग थांबला. "अकरा," तो स्वतःशीच म्हणाला, "अकरा बघून कोण घेईल गाडी?" त्याने खिशातला रुमाल ओला केला, ताईंचे अकरा पुसले आणि तिथे अडतीस लिहिले. आठाच्या शेपटाला छत्रीची मूठ काढली. त्याला ती शिकावी लागली नाही, मित्रांनो. ज्या हाताने त्याला आठ काढायला शिकवले, त्याच हाताची ती नक्कल होती. त्याने फोटो काढला आणि निघून गेला. पुन्हा अकरा करायचे विसरला की राहू दिले, मला माहीत नाही. वाईट माणसाला वाईट करायला फार वेळ लागत असेल असे मला वाटायचे. त्याला चहा थंड व्हावा एवढाही वेळ लागला नाही.

शुक्रवारी सकाळी सिस्टर आली. तिच्या आईला दवाखान्यातून सोडले होते आणि आईला आपल्या गावी, डोंगरावर पोचवायचे होते. एकशे पासष्ट किलोमीटर. आई मागच्या सीटवर शालीत गुंडाळून बसली होती. सिस्टर माझ्यापुढे उभी राहिली, तोंडातल्या तोंडात आकडे जुळवले.

"खाली थांबून गाडी भरून घेऊ या का गं?" आईने काच खाली करून विचारले.

"नको आई. ताई जाऊन आल्यात, एकशे चाळीसला अडतीस उरलेत. त्यांच्या हातचं आहे."

मला त्या वेळी पडता आले असते तर मी तिच्या पायावर पडलो असतो. पण वारा नव्हता आणि माझा पाय पक्का होता. डोंगराच्या पायथ्याशी चार्जिंगचे ठाणे होते. अर्धा तास थांबली असती तर काही झाले नसते. ती थांबली नाही.

गावाच्या आठ किलोमीटर अलीकडे, शेवटच्या चढावर, गाडी उभी राहिली. हीटर बंद पडला. ओढून नेणारी गाडी यायला साडेतीन तास लागले. सिस्टरने आपले स्वेटर आईला घातले, वर गाडीतली पायपुसणीसुद्धा पांघरली. आई वाचली. पण तिची छाती कफाने पुन्हा भरली आणि तिला परत दवाखान्यात आणावे लागले.

हे सगळे सिस्टरने रविवारी सगळ्यांदेखत सांगितले. ती पाववाल्याच्या गाडीतून आली होती. ओरडली नाही. "ताई, दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर मी खाली थांबले असते," एवढेच म्हणाली.

ताई माझ्याजवळ आल्या. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली. मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. तिकीट चुकीचे लावलेले पाकीट हातात यावे तशा त्या आधी नुसत्या गोंधळल्या. मग त्यांचे बोट त्या आठाच्या शेपटाशी थांबले आणि त्यांना कळले. चहाचे कप धुणाऱ्या भाच्याकडे त्यांनी एकदाच पाहिले. तो कप धुतच राहिला. तोच कप, पुन्हा पुन्हा.

काका खुर्चीतून उठले. "अहो, असं कसं? गेल्या रविवारी मी स्वतः अकरा वाचलेत!"

"काका, तुमचा चष्मा बदला," ताई म्हणाल्या. "मीच अडतीस लिहिलं होतं. चुकलं माझं. सिस्टर, मी काय तोंडानं माफी मागू?"

मित्रांनो, भाच्याने मला फसवले त्याला तीन दिवस झाले होते. पण खरा घाव त्या क्षणी बसला. ज्यांनी मला नियम दिला, त्यांनीच आपल्या पोरासाठी माझ्या अंगावरच्या खोट्यावर सही केली. आणि तरी मला त्यांचा राग धरता येईना. मला वाटले, आता तो पुढे येईल. म्हणेल, मावशी नव्हे, मी. काकांनाही तसेच वाटले असावे, ते त्याच्याकडेच बघत होते. भाच्याने कप पुसले, एकात एक घातले, आणि म्हणाला, "जाऊ द्या ना काका. मावशीचं वय झालंय आता. होतं असं."

ताईंनी त्याला झाकायला जी चादर दिली, तीच त्याने त्यांच्या तोंडावर ओढली.

पुढचे तीन रविवार लोक येत, पण माझ्यावर विसंबत नसत. लिहीत, आणि दुसऱ्याचे वाचताना हसत. ताई लिहू लागल्या की कोणीतरी म्हणे, "नीट आठवून हं ताई." त्या बिचाऱ्या हसून घेत.

चौथ्या रविवारी ताई नेहमीप्रमाणे नऊला आल्या. थर्मास ठेवला, मला पुसले, बाकीच्या गाड्यांच्या जागा सोडून आपली गाडी कडेला लावली. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. काकांनी खुर्ची मांडली, मोडली, पुन्हा मांडली. "थंडी आहे, उशिरा येतील," ताई म्हणाल्या. दहाला पाववाल्याची गाडी रस्त्यावरून गेली, थोडी पुढे थांबली आणि मागे आली. तो उतरला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "ताई, तुम्ही इथं? मेळावा तर आजपासून दुकानाच्या आवारात आहे. भाचेसाहेबांचा निरोप होता गटावर. तुम्हांला… म्हणजे, मला वाटलं तुम्ही तिकडेच असाल."

"हो हो, मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "मी थर्मास घ्यायला आले होते."

थर्मास त्यांच्या हातातच होता. पाववाल्याने मान खाली घातली. मग मागच्या दारातून एक ताजा पाव काढून त्यांच्या हातात दिला आणि निघून गेला. तोही तिकडेच गेला.

विरोधी पक्षाचे तोंड मी त्या दिवशी प्रथमच बंद पाहिले. ताईंनी पावाचे दोन तुकडे केले, एक काकांना दिला. खाऊन झाल्यावर त्यांनी खडू घेतला, मला वळवले आणि माझ्या मागच्या बाजूवर लिहिले:

टपालताई. १४० गेले, ११ उरले, थंडी, चढ. आधीही हेच लिहिले होते. आज ३ गेले, ९४ उरले. कोणी आले नाही.

कोणाचे नाव नाही, कोणाला बोल नाही. जे झाले तेवढे. मग त्या गेल्या आणि त्या छपराखाली पुन्हा आल्या नाहीत.

वर्षभरात काकांनी जागा विकली. दुकानाच्या शोभेसाठी मला न्यायला भाचा आला. माझा पाय दुमडण्यासाठी त्याने मला फिरवले आणि मागची ओळ वाचली. त्याच्या हातात फडके होते. पुसायला त्याचा हात धजला नाही, दाखवायलाही नाही. दुकानात नेऊन त्याने मला त्या बाजूने भिंतीकडे तोंड करून उभे केले. तो त्याला मधला मार्ग वाटला असेल. पुढच्या बाजूवर त्या फोटोवरून एका रंगाऱ्याने पांढऱ्या तेलरंगात ताईंची ओळ जशीच्या तशी काढली. १४० गेले, ३८ उरले. छत्रीच्या मुठीसकट. खडू निदान पुसता तरी येतो. तीन वर्षे मी काचेच्या भिंतीआडून येणाऱ्याजाणाऱ्याला हसतमुखाने खोटे सांगत होतो, आणि लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

एके दिवशी झाडणाऱ्या बाईंनी केर काढायला मला उलटे फिरवले. समोर खुर्चीवर सिस्टर बसली होती, गाडीच्या दुरुस्तीसाठी आलेली. तिने मागची बाजू वाचली. उठून जवळ आली, पुन्हा वाचली. मग सरळ भाच्याच्या टेबलापाशी गेली.

"अकराचे अडतीस कुणी केले?"

"कशाला जुनं उकरता, सिस्टर," तो म्हणाला.

तिला उत्तर मिळाले. तिने मला मागितले, आणि त्याने देऊन टाकले.

आता मी सिस्टरच्या घराच्या पडवीत असतो. तेलरंगाची बाजू भिंतीकडे आणि खडूची बाजू बाहेर. कोणाचे पुढे काय झाले ते सांगतो. पंपवाले काका मुलीकडे राहायला गेले आणि दुसऱ्या हिवाळ्यात वारले. अकरा वाचल्याचे ते शेवटपर्यंत सांगत असत म्हणे. पाववाल्याने नवी, मोठी गाडी घेतली. येताजाता तो पडवीत एक पाव ठेवतो, माझ्याकडे मात्र बघत नाही. सिस्टरची आई बरी झाली, पण पुन्हा मुलीच्या गाडीत बसली नाही. बसने जाते. भाचा दुसऱ्या शहरात, त्याच दुकानाच्या मोठ्या शाखेत साहेब झाला आहे. त्याची मुलगी आता शाळेत जाते. तिला आठ काढायला कोणी शिकवले असेल, असे कधीकधी माझ्या मनात येते.

टपालताईंनी हिरवी गाडी विकली आणि त्या लांब, भावाकडे गेल्या. सिस्टरने पत्ता शोधून त्यांना चार पानी पत्र लिहिले. मला सगळे कळले, असे लिहिले. माफीही मागितली. बारा दिवसांनी एक कार्ड आले. सिस्टरने ते माझ्यापुढे उभे राहून मोठ्याने वाचले.

'सिस्टर, आईची तब्येत विचारल्याचे सांगा. जुने मनावर घेऊ नका. आकडा माझ्याच हातून चुकला होता, ८ काढायची मला सवयच आहे. मागची बाजू पुसून टाका.'

आठाला छत्रीची मूठ होती. या वेळी हात खरा होता आणि मजकूर खोटा.

सिस्टरने ते कार्ड माझ्या चौकटीत खोचले आहे. मागची बाजू तिने अजून पुसलेली नाही. पण पडवीत पावसाची झड येते, खडू दर वर्षी थोडा फिका होतो. मित्रांनो, कधी इकडे आलात तर हात न लावता एकदा वाचून जा. आणि तुमच्या घरी, शाळेत कुठेही फळा असेल, त्यावर दुसऱ्याने लिहिलेली ओळ असेल, तर तिला बोट लावू नका. कोणीतरी ती वाचून आपल्या आईला घेऊन निघालेले असते.